स्मिथ्सची गोल मीटरं उघडणं आणि साफ करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न १९५० ते १९७० च्या दशकांतल्या ब्रिटिश गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या गोल मीटरांबद्दल आहेत : एमजी, ट्रायम्फ, मॉरिस मायनर, ऑस्टिन-हीली, जॅग्वार, जुनी लँड रोव्हर. तबकडीवर बारीक अक्षरांत ‘स्मिथ्स’ (ही मीटरं बनवणारी ब्रिटिश कंपनी) किंवा ‘जेगर’ असेल. ब्रिटिश गाड्यांवरचं ‘जेगर’ही स्मिथ्सच्याच घरातलं, त्यामुळे आतली रचना जवळपास सारखी असते. अँबॅसडर, पद्मिनी आणि जीपवाल्यांसाठी शेवटी वेगळा प्रश्न आहे.

मीटर उघडायलाच हवं का?

बहुतेक वेळा नको. स्पीडोमीटरचा काटा थरथरतो तेव्हा दोष मीटरात नसून केबलमध्ये असतो. पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही मीटरं एकदमच चुकीचं दाखवायला लागली तर स्टॅबिलायझर, म्हणजे या मीटरांना ठरावीक व्होल्ट देणारा छोटा डबा, बघा. त्यातलं एकच चुकत असेल तर त्याचा सेंडर, म्हणजे मीटरला माप कळवणारा भाग, बघा : पेट्रोलचा टाकीत फ्लोटसह असतो, टेंपरेचरचा इंजिनावर. स्पीडचा काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही बंद असतील तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्सकडचं टोक निसटलं आहे. काटा चालतो पण आकडे फिरत नाहीत, एवढं असेल तर मात्र दोष आत आहे.

याशिवाय उघडायची खरी कारणं तीनच : काचेच्या आतून आलेली धूसर साय, तबकडीवर पडलेले पांढरे पापुद्रे, आणि अडकणारा काटा.

डॅशमधून काढताना काय सांभाळायचं?

आधी बॅटरीची वायर काढा. मीटर मागून इंग्रजी यू आकाराच्या पट्टीने आणि हाताने फिरणाऱ्या दातेरी नटांनी धरलेलं असतं. त्या पट्टीखाली काळी वायर असते, ती अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडणारी. मीटर परत बसवताना ती विसरली की दिवे मंद होतात आणि काटे मनाला येईल तिथे जातात; ‘साफ केल्यावर मीटर बिघडलं’ या तक्रारीमागे हमखास ही वायर निघते. स्पीडोमीटरच्या केबलचा नट हाताने सुटतो, पक्कड लावू नका.

मूळ वायरिंग शाबूत असेल तर रंग मदत करतात. लाल-पांढरी मीटरच्या दिव्यांची, निळी-पांढरी अप्पर लाइटच्या खुणेची, हिरवी-काळी टाकीतल्या सेंडरची, हिरवी-निळी टेंपरेचर सेंडरची, फिकी हिरवी-हिरवी स्टॅबिलायझरकडून येणारी. पन्नास वर्षांत तीन वायरमनचे हात लागले असतील तर रंगांवर भरवसा नको. फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा.

कडं कसं निघतं?

काचेभोवतीचं क्रोमचं कडं चुरडून नव्हे, फिरवून बसवलेलं असतं. मीटर पालथं करून कड्याची मागची कड नीट बघा. कड्याच्या आतल्या काठाला काही जिभा वळवलेल्या असतात आणि त्या डब्याच्या काठाखाली अडकतात. डब्याच्या त्याच काठाला जिभेएवढ्या खाचा असतात. कडं फिरवत नेऊन जिभा खाचांसमोर आल्या की ते सरळ वर उचलून निघतं. दिशा कोणतीही चालते. जी खाच जवळ असेल तिकडे जा.

सुरुवात करण्याआधी कडं आणि डबा यांवर मिळून एक पेन्सिलची खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसवता येईल. मग टेबलावर जुना टॉवेल घ्या, मीटर सरळ ठेवा, एका हाताने डबा घट्ट धरा आणि दुसऱ्या तळहाताने कडं पुढे-मागे हलवत राहा. पहिला मिलिमीटर सर्वांत अवघड असतो. तो हलला की ‘चर्र’ असा आवाज येतो. तो आतल्या रबराचा, काच फुटल्याचा नाही.

कडं हलतच नाही. आता?

काच आणि कडं यांच्यामधलं रबर वितळून डिंकासारखं झालेलं असतं. हेअर ड्रायरने कड्याला फिरत फिरत दोन-तीन मिनिटं ऊब द्या. हीट गन नको, तबकडीचा रंग फुगतो. पकड येण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कड्याभोवती गुंडाळा. तरीही बसलेलंच असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब सुईच्या टोकाने मागच्या कडेला द्या. तबकडी वर ठेवून द्या, पालथं करून नाही, नाहीतर तेल काचेकडे उतरून तबकडीवर डाग पडतो. रात्रभर ठेवा.

पकडीने किंवा पाइप पान्याने पिळलेलं कडं पुन्हा गोल होत नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्यास जिभा तुटतात.

खाचा दिसतच नाहीत, कड सगळीकडून वळवलेली आहे.

मग ते चुरडून बंद केलेलं मीटर आहे. ‘व्हीडीओ’ या जर्मन कंपनीची आणि इतर काही मीटरं अशी असतात. ती उघडायची तर कड बोथट पात्याने दोन-दोन मिलिमीटर उचलत पूर्ण फेरी मारावी लागते, आणि परत वळवताना कड फाटते किंवा लाटा येतात. नवं कडं हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

काच कशाने पुसायची?

काच सुटी झाल्यावर तिला काहीही चालतं : साबण, कोमट पाणी, शेवटी स्पिरिट. कडांवर चिकटलेलं रबर नखाने किंवा प्लास्टिकच्या कार्डने काढा. पूर्ण वाळवून मगच बसवा. फुटली तर सपाट काच फोटोफ्रेमवाला २ मिलिमीटरमध्ये गोल कापून देतो. फुगीर काच असेल तर घड्याळाच्या काचा बसवणाऱ्याकडे विचारावं लागतं.

तबकडी कशी साफ करायची?

इथे लोक सर्वांत जास्त नुकसान करतात. तबकडीवरचे आकडे छापलेले असतात आणि खालचा काळा रंग मुद्दाम बिनचमकीचा ठेवलेला असतो. स्पिरिट, थिनर, पेट्रोल आणि काच पुसायचा निळा स्प्रे यांपैकी काहीही लागलं तर आकडे बोळ्यावर उतरतात. आणि आकडे टिकले तरी घासलेल्या जागी चकाकी येते; ती चकाकी दिव्यात कायम दिसत राहते, घालवता येत नाही.

घड्याळजीकडे असतो तसा रबरी फुगा घ्या आणि आधी नुसती धूळ उडवा. कॉम्प्रेसरची हवा नको, काट्यामागची केसाएवढी स्प्रिंग एका झोतात वाकते. मग रंगकामाचा सगळ्यात मऊ ब्रश तिरका धरून मधून बाहेर फिरवा. बऱ्याच तबकड्या इथेच पुरेशा स्वच्छ होतात, आणि इथेच थांबण्यात शहाणपण आहे.

निकोटिनसारखा पिवळट थर उरला असेल तर डिस्टिल्ड वॉटरच्या वाटीत भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक थेंब टाका. कापसाची काडी बुडवून टिशूवर दाबा, इतकी की ती ओली न वाटता फक्त गार लागेल. कड्याखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर आधी घासून बघा. काडीवर तपकिरी आलं तर घाण निघते आहे; काळं किंवा पांढरं आलं तर तबकडीच निघते आहे, थांबा. काडी घासायची नसते, टेकवून गोल फिरवायची असते, आणि प्रत्येक वेळी नवी घ्यायची. चित्रांची डागडुजी करणारे याच कामाला काडीवर थोडी थुंकी लावतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण थुंकीतली पाचकद्रव्यं चिकट थर हळूच सोडवतात आणि रंगाला त्रास देत नाहीत. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरची काडी फिरवायला विसरू नका.

आकड्यांचा एखादा तुकडा उडालेला असेल तर तो तसाच राहू द्या. हाताने भरलेला ‘७’ दुरूनही ओळखू येतो.

तबकडीवर जाडसर, तपकिरी पडलेला चमकणारा रंग आहे. तो खरवडू का?

नाही. युद्धाआधीच्या मीटरांवर, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी वाहनांवर आणि विमानांच्या मीटरांवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून धोका संपला असं नसतं : झिजतो तो चमकणारा पदार्थ, रेडियम नाही. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे. काचेआड असेपर्यंत ठीक, पण ब्रश मारला की तीच भुकटी छातीत जाते. असं मीटर उघडू नका. उघडून झालं असेल तर फुंकर आणि ब्रश दोन्ही टाळा, हातमोजे घाला, काच परत लावा.

पन्नासच्या दशकापासूनच्या गाड्यांमधला हिरवा उजेड सहसा रंगाचा नसून आतल्या बल्बवरच्या हिरव्या फिल्टरचा असतो.

काटा काढावा लागतो का?

फक्त स्वच्छतेसाठी नाही. तबकडी बदलायची असेल किंवा काट्यामागची ॲल्युमिनियमची वाटी अडकत असेल तरच.

स्पीडोमीटरचा काटा शून्याजवळच्या खुंटीला टेकून उभा असतो, पण त्याची खरी विश्रांतीची जागा खुंटीच्याही मागे असते. स्प्रिंगने त्याला थोडं ओढून धरलेलं असतं. नुसता खुंटीवर परत बसवला की ती ओढ निघून जाते आणि मीटर सगळीकडे जास्त वेग दाखवायला लागतं. म्हणून काढायच्या आधी दातकोरणीने काट्याचं टोक अलगद उचलून खुंटीवरून पलीकडे जाऊ द्या, तो जिथे स्थिरावेल तिथे डब्याच्या काठावर चिकटपट्टीची खूण करा, तबकडीवर नको, आणि बरोबर वरून फोटो घ्या. मग काट्याच्या दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकचे तुकडे ठेवून दोन चमच्यांनी एकदम, सारखंच, सरळ वर उचला. एका बाजूने उचललं की मधला आस वाकतो. तो केसाएवढा वाकला तरी काटा तबकडीला घासतो आणि मग काम मीटर दुरुस्त करणाऱ्याकडेच जातं.

परत बसवताना काटा आधी त्या चिकटपट्टीच्या खुणेवर बसवायचा आणि नंतर खुंटीवरून पुढे आणायचा. रंग उडालेल्या काट्याला खेळण्यांच्या मॉडेलच्या रंगाचा एकच पातळ हात द्या. जाड थराने तोल बिघडतो.

काटा वर जाऊन तिथेच राहतो, किंवा वेग भलताच जास्त दाखवतो.

तेल आत शिरलं आहे. आतली रचना साधी आहे : केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाला न चिकटता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी लटकते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरी प्रवाह तयार होतात आणि ती ओढली जाते, तर केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. दोघांमधल्या फटीत तेल आलं की चुंबक वाटीला प्रत्यक्षच ओढू लागतो.

ते तेल केबलमधून चढतं. केबलला ग्रीस लावताना मीटरकडचा २० सेंटिमीटरचा भाग कोरडा ठेवायचा असतो. केबल फिरताना ग्रीस स्वतःच वर सरकतं. ग्रीसने भरलेली नवी केबल बसवली की सहा महिन्यांत हा त्रास सुरू झालाच म्हणून समजा. मीटरच्या मानेत, केबल शिरते तिथे, फेल्टची एक छोटी गुंडी असते. तिला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन. बाकी कुठेही तेल नको.

डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारलं तर?

नको. पातळ असल्याने वाटीपर्यंत जातं, वाळलं की चिकट होतं.

केबल नीट बसली आहे हे कसं ओळखायचं?

आतली तार बाहेरच्या आवरणापेक्षा साधारण १० मिलिमीटर बाहेर आली पाहिजे. जास्त असेल तर नट आवळताना ती मीटरच्या आसाला दाबते आणि मानेतलं बेअरिंग खाते. सपाट टेबलावर तार लोळवून बघा. उड्या मारत लोळली तर ती मुरडली आहे, काट्याची थरथर तिथूनच येते. डॅशमागे १५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका.

किलोमीटर किंवा मैलांचे आकडे धुतले तर चालतील?

कोरडी काडी, बस. आकड्यांच्या चकत्यांवरची छपाई तबकडीपेक्षाही नाजूक असते. चकत्यांमधल्या जस्ताच्या मिश्रधातूच्या छोट्या दात्यांना वयामुळे चिरा जातात, म्हणून अडलेला आकडा बोटाने ढकलू नका. ट्रिपचे आकडे गाडी थांबवूनच शून्य करा, चालत्या गाडीत केलं की दाते उडतात. आणि उघडलंच आहे म्हणून वाचन बदलायचा मोह आवरा. मीटर बदललं असेल तर तारीख आणि जुनं वाचन डब्याच्या आत पेन्सिलने लिहून ठेवा, पुढच्या मालकाला उपयोग होतो.

तबकडीवर खाली १२८० किंवा १००० असा आकडा आहे, तो काय?

एक मैल जाताना केबलचे किती फेरे होतात, तो आकडा. त्याचा सोपा उपयोग असा : केबल मिनिटाला तितक्याच वेगाने फिरवली की काटा ६० मैलांवर यायला हवा. जुन्या तुटक्या केबलचा एक तुकडा ड्रिलमध्ये धरा, वेग लेझर टॅकोमीटरने मोजा. काटा खुंटीला दाबून बसला तर ड्रिल उलट फिरतं आहे.

गिअरबॉक्स, डिफरन्शियल किंवा टायर बदलले असतील तर मीटर बरोबर असूनही वेग चुकतो. मीटरकडची केबल सोडा, टोकाला कागदाची बारीक पताका लावा आणि गाडी सरळ १० मीटर ढकला. फेरे मोजा, १०० ने गुणा. हे झाले दर किलोमीटरचे फेरे. मैलासाठी १.६०९ ने गुणा. १,००० फेऱ्यांचं मीटर दर किलोमीटरला सुमारे ६२१ फेरे मागतं. तबकडीवरच्या आकड्यापासून २५ फेऱ्यांचा फरक असेल तर सोडून द्या. १०० चा असेल तर वेगळं मीटर किंवा मधला गिअर लागेल.

पेट्रोल आणि टेंपरेचरचं मीटर टेबलावर तपासता येतं का?

येतं, पण आधी प्रकार ओळखा. चावी लावताच काटा झटकन उडत असेल तर जुन्या पद्धतीचं, दोन कॉइलचं मीटर आहे, ते १२ व्होल्टवर चालतं. काटा आळसावल्यासारखा चढत असेल तर ते साठच्या दशकाच्या मध्यापासूनचं औष्णिक मीटर आहे. त्याला स्टॅबिलायझरमधून सरासरी १० व्होल्ट मिळतात. त्याला बॅटरी थेट लावाल तर आतली तापणारी पट्टी जळेल.

१० व्होल्टचा पुरवठा द्या आणि सेंडरच्या जागी रेझिस्टर लावा. या काळातल्या अनेक गाड्यांमध्ये पेट्रोलसाठी सुमारे २० ओहमला टाकी भरलेली, सुमारे ६८ ला अर्धी, आणि २५० च्या आसपास रिकामी असं वाचन येतं. दोन मिनिटं थांबून मगच वाचा. फरक असेल तर मीटरच्या पाठीवर बुचाच्या दोन बारीक गोळ्या दिसतील. त्या सुईने काढा, आत दातेरी पट्ट्या आहेत : एक रिकाम्याची जागा सरकवते, दुसरी भरलेल्याची. दोन्ही एकमेकींवर परिणाम करतात, म्हणून तीन-चार वेळा आळीपाळीने जुळवावं लागतं.

स्टॅबिलायझरबद्दल एक गोष्ट : जुना द्विधातूचा असेल तर तो चालू-बंद होत राहतो, त्यामुळे तपासायला लावलेलं डिजिटल मल्टिमीटर वेडेवाकडे आकडे दाखवतं. त्याचा डबा अर्थला नीट टेकलेला आणि सरळ उभा हवा.

ऑइल प्रेशरचं मीटर आणि बारीक नळीचं टेंपरेचर मीटर?

नळी असलेलं टेंपरेचर मीटर उघडून पुसता येतं, पण नळी कापू किंवा मुरडू नका. तिच्यात ईथर असतं. गळालं की मीटर मेलं, शिवाय ते पेट घेतं. तपासणी सोपी : नळीच्या टोकाचा धातूचा बल्ब उकळत्या पाण्यात बुडवा. समुद्रसपाटीला २१२ अंश फॅरनहाइट यायला हवेत. पुण्यात पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे २०८ च्या आसपास. महाबळेश्वरात अजून खाली. हे लक्षात न घेता चांगली मीटरं बाद केली जातात.

ऑइलच्या नळीच्या टोकाला चामड्याचा वायसर असतो. प्रत्येक वेळी नवा घाला, जुना कडक होऊन तेल थेट पायावर गळतं.

बल्ब बदलताना एलईडी घालू का?

मूळ बल्ब बहुतेक ठिकाणी २.२ वॉटचे असतात. आधी डब्याच्या आतला पांढरा रंग बघा. उजेड तबकडीवर तोच परतवतो, आणि तबकडीवरचे ते पांढरे पापुद्रे त्याचेच. खरवडून बिनचमकीचा पांढरा रंग द्या, जुन्याच बल्बचा उजेड दुप्पट वाटतो. एलईडी घ्यायचे तर दोन्ही दिशांनी पेटणारे घ्या, कारण साठच्या दशकाच्या मध्याआधीच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं.

इलेक्ट्रिक रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर)?

तबकडीवर ‘आरव्हीआय’ लिहिलं असेल तर इग्निशनची पांढरी वायर मागच्या पट्टीतून वेढा घेऊन जाते. वेढ्याची दिशा आणि संख्या दोन्ही जपा. वायर कापून जोडू नका. आत सर्किट आहे, ते सोडून फक्त काच आणि तबकडी पुसा. काटा टिकटिक करत टप्प्याटप्प्याने सरकणारी जुनी क्रोनोमेट्रिक मीटरं मात्र घड्याळच असतात, ती उघडू नका. तो टप्पा दोष नाही.

काचेच्या आत पुन्हा वाफ येते.

कारण मीटर दमट दिवशी बंद केलं. मुंबई-कोकणात हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढूच नये. डिसेंबर ते मे बरा. उघडलेलं मीटर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात रात्रभर ठेवा आणि मग काच लावा. नवं रबर घाला, पण सिलिकॉनने पूर्ण सीलबंद करू नका. वास असणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ते पितळ आणि छपाई दोन्ही खातं. मीटरला थोडा श्वास घेऊ द्यायचा असतो.

अँबॅसडर, पद्मिनी आणि जीपचं काय?

चुंबक, वाटी, केबल आणि तबकडी यांबद्दलचं सगळं तसंच लागू. कडं मात्र बघून ठरवा. अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली आणि पद्मिनी फियाट ११००वरून, पण इथे इतकी वर्षं त्यांच्या डॅशमध्ये बदल होत गेले की दोन गाड्यांची मीटरं सारखी निघतील याची खात्री नाही. प्लास्टिकच्या खिडकीची मीटरं असतील तर खिडकी फक्त साबणाच्या पाण्याने धुवा, स्पिरिटने तिला जाळीदार चिरा पडतात. युद्धकाळातल्या जीपची मूळ मीटरं हाती आली तर आधी वरचं रेडियमचं उत्तर वाचा.

बंद केल्यावर पहिल्यांदा काय बघायचं?

मीटर पालथं करून दोनदा हळू हलवा. काही खुळखुळलं तर तो स्क्रू आहे. तो चुंबकाला चिकटायच्या आत काढा.